मौजा, नंबर आणि संच : वऱ्हाडच्या महसुली दप्तरापासून डेटाबेसच्या नियोजकापर्यंत

वर्धा नदी तिवसा तालुक्याच्या पूर्वेकडून वाहते, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती केवळ दोन जिल्ह्यांची नव्हे, तर जमिनीची नोंद ठेवण्याच्या दोन पद्धतींचीही सीमा होती. पलीकडे, आर्वीच्या बाजूला, मध्य प्रांताची मालगुजारी चालत असे, म्हणजे महसुलाचा करार संपूर्ण गावाच्या वतीने मालगुजाराशी होई आणि गावाचा आकडा हा सरकारच्या हिशेबातील मुख्य आकडा असे. अलीकडे, कौंडण्यपूर आणि तिवसा परिसरासह सर्व वऱ्हाडात, जो १८५३ च्या तहाने निजामाने इंग्रजांच्या कारभाराखाली दिला होता, मुंबई इलाख्याची रयतवारी पद्धत लागू झाली आणि तिच्यात सरकारचा व्यवहार थेट शेत कसणाऱ्याशी, शेतागणिक, होऊ लागला. या एका फरकामुळे वऱ्हाडच्या दप्तरापुढे एक नवा प्रश्न उभा राहिला : एका माणसाकडे असलेला, दरवर्षी बदलू शकणारा शेतांचा समूह अशा रीतीने कसा लिहावा, की तो चटकन सापडेल, चटकन बदलता येईल आणि दुसऱ्या समूहाशी चटकन ताडून पाहता येईल. आजच्या डेटाबेसची रचना करणाऱ्यांपुढे हाच प्रश्न वेगळ्या वेगाने आणि वेगळ्या आकारात येतो. गणिताच्या भाषेत तो संच साठवण्याचा प्रश्न आहे.

मुंबईची ही मोजणी पद्धत गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी १८३० च्या दशकात इंदापूर तालुक्यात घडवली आणि १८४७ च्या संयुक्त अहवालाने तिचे नियम पक्के झाले. वऱ्हाडात तिचे काम १८६१ च्या सुमारास सुरू झाले. तेहेतीस फुटी साखळीने शेत मोजायचे, साखळीचे सोळा आणे करायचे, एका साखळीच्या चौरसाला गुंठा आणि चाळीस गुंठ्यांना एकर धरायचे, मातीची प्रत आण्यांत ठरवायची, बांधाच्या कोपऱ्यांवर दगड रोवायचे, आणि हे सर्व झाल्यावर त्या तुकड्याला गावापुरता एक चालू क्रमांक द्यायचा, असा हा क्रम होता. मोजणीच्या इतिहासात साखळीचे आणि प्रतबंदीचे पुष्कळ वर्णन आढळते, कारण सारा त्यांवरून ठरे. परंतु दप्तराच्या दृष्टीने खरा शोध शेवटच्या पायरीत होता. ‘नाल्याकाठचे’, ‘आंब्याचे’, ‘अमक्याच्या बांधालगतचे’ अशी ओळख असलेल्या शेताला १, २, ३ असा छोटा, सलग आणि गावाच्या हद्दीत पुन्हा न येणारा क्रमांक मिळाला, आणि त्यामुळे शेतांच्या समूहाविषयी बोलणे म्हणजे क्रमांकांच्या समूहाविषयी बोलणे झाले.

या क्रमांकाला कायदेशीर वजनही होते. आकार, म्हणजे ठरलेला सारा, प्रत्येक सर्वे नंबरावर स्वतंत्र बसवलेला असल्याने कब्जेदाराला आपल्या खात्यातील एखादा संपूर्ण नंबर राजीनामा देऊन सोडता येई, किंवा पडीत नंबर मागून घेता येई. खाते म्हणजे अखंड वतन नव्हते; तो घटक वाढवता येणारा आणि कमी करता येणारा संच होता. नंबर हा या संचाचा न फुटणारा घटक असावा अशीच मूळ कल्पना होती, आणि एका बैलजोडीला झेपेल इतके क्षेत्र हे त्याच्या आकारमानाचे माप धरण्यामागे तेच कारण होते.

या संचाचे लेखन दप्तराने दोन उलट क्रमांनी केले, आणि आज वापरात असलेल्या गाव नमुन्यांत ती रचना स्पष्ट दिसते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ आणि तिच्याखालील १९७१ चे अधिकार अभिलेख नियम यांनुसार गाव नमुना सात हा भूमापन क्रमांकावरून लावलेला असतो : क्रमांक सांगावा आणि त्यावरील कब्जेदार, क्षेत्र, आकार व इतर हक्क वाचावेत. गाव नमुना बारा त्याच क्रमांकावरील पिकांची नोंद देतो, आणि दोन्ही मिळून लोकांचा सातबारा होतो. गाव नमुना आठ-अ मात्र खात्यावरून लावलेला असतो : खातेदार सांगावा आणि त्याच्याकडील सर्व क्रमांक एका जागी वाचावेत. तीच माहिती दोनदा लिहिण्याची ही मेहनत हौसेची नव्हती. नमुना सातच्या आधारे एखाद्याची एकूण जमीन शोधायची तर गावातील प्रत्येक पान उलटावे लागले असते; आठ-अ हे पुस्तक त्या उलटापालटीची किंमत आधीच मोजून ठेवते. या सोयीचे मोल देवघेवीच्या वेळी द्यावे लागे, कारण खरेदी, वाटणी किंवा वारसा यांचा फेरफार नमुना सहामध्ये मंजूर झाला की तो सातवर आणि आठ-अवर दोन्हीकडे उतरवावा लागे, आणि एकीकडे उतरून दुसरीकडे राहिला की वर्षानुवर्षांचे वाद उभे राहत.

गावच्या पटवाऱ्याचे, म्हणजे तलाठ्याचे, कौशल्य या दोन क्रमांची निवड करण्यात होते. एखाद्या शेतकऱ्याच्या कोणकोणत्या शेतांत या वर्षी तूर उभी आहे असा प्रश्न आला, तर तो आधी आठ-अ काढून चार-पाच क्रमांक टिपे आणि नंतर तेवढीच बाराची पाने पाही. गावात तूर कोणाकोणाची आहे असा प्रश्न आला, तर बाराच्या पानांवरून सुरुवात करी. या निवडीचा शास्त्रीय अभ्यास कोणी केलेला नसला तरी ती दररोज घडत असे. पुढे नंबरांचे पोटहिस्से पडत गेले, १२/१, १२/२/अ अशी शेपटे क्रमांकांना लागली, आणि मूळ मोजणीतील साधे पूर्णांक फुटले. एका नंबराचा एक धनी ही कल्पना जमिनीवर वारसांच्या संख्येपुढे टिकणे शक्य नव्हते.

हे दप्तर संगणकात गेले, राज्यात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १ मे २०१८ पासून मिळू लागला, आणि १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः पिकाची नोंद मोबाइलवरून करू लागला. या बदलात पूर्वी पटवारी करी ती क्रमाची निवड आता कोणी करायची हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. त्याचे उत्तर डेटाबेसच्या पोटातील एका भागात आहे, ज्याला क्वेरी प्लॅनर म्हणतात आणि ज्याला येथे नियोजक म्हणता येईल. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या संबंधात्मक प्रतिमानानुसार माहिती तक्त्यांत ठेवली जाते, आणि विचारणारा फक्त काय हवे ते सांगतो. कोणता तक्ता आधी उघडायचा आणि कोणता कशाशी सांधायचा हे यंत्राने ठरवायचे असते. तिवसा तालुक्यातील ज्या खातेदारांच्या नावे गेल्या वर्षी वारसाचा फेरफार झाला आणि ज्यांनी या खरिपात तूर पेरली, त्यांची गाववार यादी मागितली, तर गावे, भूमापन क्रमांक, खाती, फेरफार आणि पिके असे पाच तक्ते सांधावे लागतात. एकामागून एक जोडत जाण्याचे त्यांचे १२० क्रम होतात. तक्ते दहा झाले की क्रम ३६,२८,८०० होतात, आणि चुकीच्या क्रमाने एका क्षणाचे काम तासावर जाऊ शकते.

आयबीएमच्या सिस्टिम आर या प्रकल्पातून १९७९ मध्ये पॅट्रिशिया सेलिंजर आणि सहकाऱ्यांनी जो मार्ग दाखवला, त्याने या क्षेत्राची दिशा ठरवली. तक्त्यांचा कोणताही एक समूह सांधून झाला, की तो कोणत्या क्रमाने सांधला हे पुढच्या टप्प्याला बहुतांशी बिनमहत्त्वाचे असते. म्हणून प्रत्येक समूहासाठी सर्वांत स्वस्त मार्ग तेवढा लक्षात ठेवावा आणि लहान समूहांवरून मोठे बांधत जावे. दहा तक्त्यांचे रिकामे नसलेले उपसंच १,०२३ आहेत, आणि लाखो क्रमांऐवजी एवढ्याच नोंदी पुरतात. परंतु हे उपसंच एकमेकांशी ताडून पाहावे लागतात : दोन समूह परस्परांपासून पूर्ण वेगळे आहेत का, एक दुसऱ्याच्या पोटात मावतो का, त्यांचा संयोग आधीच नोंदलेला आहे का. दहा तक्त्यांसाठी परस्परांपासून वेगळ्या समूहांच्या जोड्याच २८,५०१ होतात. संचावरील एक साधी क्रिया मंद असली, तर तिचा मंदपणा सर्व नियोजनावर पसरतो, आणि म्हणून संचाच्या लेखनाची रचना हा किरकोळ तपशील राहत नाही.

पोस्टग्रेस या मुक्त डेटाबेसचा इतिहास हे चांगले दाखवतो. त्याच्या नियोजकात तक्त्यांचे समूह पूर्वी क्रमांकांच्या साखळी-यादीने लिहिले जात, म्हणजे प्रत्येक घटक पुढच्या घटकाचा पत्ता बाळगी, आणि एखादा क्रमांक समूहात आहे का हे पाहण्यासाठी यादी टोकापासून चालावी लागे. २००३ मध्ये आलेल्या ७.४ या आवृत्तीत यादीची जागा बिटसंचाने घेतली. बिट म्हणजे ० किंवा १ एवढीच नोंद ठेवणारी जागा. तक्ता क्रमांक ३ समूहात असेल तर क्रमांक ३ च्या जागी १, नसेल तर ०. मग दोन समूहांचा छेद काढणे म्हणजे दोन शब्दांवर ‘आणि’ ही प्रोसेसरची एक क्रिया, संयोग म्हणजे ‘किंवा’ ही एक क्रिया. पहिल्यातून दुसऱ्याचे बिट वगळल्यावर शून्य उरले, तर पहिला दुसऱ्याचा उपसंच. येथे शब्द म्हणजे प्रोसेसर एका वेळी हाताळतो तो बिटांचा गट, जो या रचनेत आरंभी ३२ बिटांचा होता आणि २०१९ च्या १२ व्या आवृत्तीपासून ६४ बिटांच्या यंत्रांवर तेवढाच रुंद झाला. नेहमीच्या प्रश्नांतील सर्व तक्ते अशा एका शब्दात मावतात. पुढे आणखी शिस्त आली : १६ व्या आवृत्तीपासून रिक्त संच एकाच ठरावीक रीतीने लिहायचा आणि १७ व्या आवृत्तीपासून शेवटी निरर्थक शून्यांचे शब्द ठेवायचे नाहीत, ज्यामुळे दोन समान संचांचे लेखनही हमखास समान निघते आणि तुलना सोपी होते.

हे सर्व जमते ते एका अटीवर, आणि ती अट वऱ्हाडच्या मोजणीदारांना परिचित वाटली असती. पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक तक्त्याला एक कायमचा ओळख क्रमांक असतो, पण तो चार अब्जांच्या घरात जाऊ शकतो; म्हणून नियोजक तो बिटसंचात वापरत नाही. प्रत्येक प्रश्नापुरते तो त्यातील तक्त्यांना १, २, ३ असे नवे, सलग क्रमांक देतो. गावापुरता सर्वे नंबर आणि प्रश्नापुरता तक्ता क्रमांक यांमागचा विचार एकच आहे : ओळख सर्वत्र एकमेव असण्यापेक्षा ती लहान आणि दाट असणे हिशेबाला अधिक उपयोगी पडते.

अट मोडली की त्रास होतो. एखादा मोठा तक्ता हजारो भागांत विभागलेला असला आणि नियोजकाने प्रत्येक भागाला क्रमांक दिला, तर केवळ क्रमांक ५,००० एवढाच घटक असलेल्या संचाला ६४ बिटांचे ७९ शब्द लागतात, आणि त्यांतील ७८ शब्दांत शून्याशिवाय काही नसते. असे संच हजारोंनी तयार होऊ लागले की भागांच्या संख्येबरोबर नियोजनाचा वेळही फुगतो. पोस्टग्रेसच्या अलीकडच्या अनेक आवृत्त्यांत यावर काम झाले आहे. डॅनियल लेमिर आणि सहकाऱ्यांनी २०१० च्या दशकात मांडलेली रोअरिंग बिटमॅप ही रचना या अडचणीला दुसऱ्या बाजूने भिडते. ती मुख्यतः साठवलेल्या माहितीच्या सूचीसाठी वापरली जाते, नियोजकासाठी नव्हे, पण तिची मांडणी येथे विशेष पाहण्यासारखी आहे. क्रमांकाचे दोन भाग करायचे. वरच्या भागाने ६५,५३६ क्रमांकांचा गट ठरवायचा, खालच्या भागाने गटातील जागा. गटात ४,०९६ किंवा त्याहून कमी घटक असतील तर ते साध्या यादीने लिहायचे, त्याहून अधिक असतील तर बिटांनी, आणि ज्या गटात काहीच नाही तो लिहायचाच नाही. आधी मौजा, म्हणजे महसुली गाव, आणि मग मौजातील नंबर ही मोजणी दप्तराची दुपदरी ओळख याच आकाराची आहे : ज्या मौजात एखाद्याची जमीन नाही, त्या मौजाच्या आठ-अमध्ये त्याचे खातेच नसते.

मुंबईच्या आयआयटीत नियोजकाच्या या शास्त्रावर महत्त्वाचे काम झाले आहे, तेथील एस. सुदर्शन हे डेटाबेसवरील जगभर शिकवल्या जाणाऱ्या पाठ्यपुस्तकाचे सहलेखक आहेत, आणि अनेक प्रश्नांचे एकत्रित नियोजन करण्यासंबंधी प्रसन रॉय व इतरांसह त्यांचा २००० मधील शोधनिबंध प्रसिद्ध आहे. अनेक प्रश्नांमध्ये सामाईक असलेला भाग हुडकणे हेही शेवटी संच ताडण्याचेच काम आहे.

सातबाऱ्यावर आता भूखंडाचा अकरा अंकी एकमेव क्रमांक छापला जातो. वादात, खरेदीत आणि नकाशाशी जुळणी करताना त्याचा उपयोग मोठा आहे, कारण तिवसा येथील नंबर १२ आणि मोझरी येथील नंबर १२ यांची गल्लत त्यामुळे होऊ शकत नाही. पण अकरा अंकी क्रमांकांना थेट बिटांच्या जागा दिल्या, तर एका संचासाठी शंभर अब्ज बिट, म्हणजे साडेबारा अब्ज बाइट, राखून ठेवावे लागतील, मग त्या संचात एकाच शेतकऱ्याची तीन शेते का असेनात. म्हणून हा क्रमांक जपणाऱ्या व्यवस्थेलाही वेगाने ताळा करायचा असेल, तेव्हा आत कोठेतरी पुन्हा गावापुरते किंवा कामापुरते १ पासूनचे क्रमांक द्यावे लागतात आणि दोहोंची जोडणी सांगणारा एक तक्ता सांभाळावा लागतो.