मडके कोणाचे? : घरी मद्य बनवण्याच्या हक्काचा इतिहास

१/
घरच्या घरी बिअर बनवण्याचा छंद आज जगभर रुजला आहे. तयार अर्काचा डबा न वापरता थेट मोड आलेल्या जवापासून सुरुवात करणारी 'पूर्ण धान्य' पद्धत ही त्या छंदातली पहिली खरी परीक्षा मानली जाते. नवशिका उमेदवार मोठे पातेले, तापमापक, गाळणीचे कापड आणि यीस्ट जमवतो. महाराष्ट्रात मात्र या यादीच्या अग्रस्थानी आणखी एक वस्तू येते : सरकारी परवाना. घरातल्या मडक्यात सरकारने हात केव्हा घातला? हा थ्रेड त्याविषयी. 🧵

२/
आधी तंत्र समजून घेऊ, कारण पुढचा कायदा त्यातूनच उलगडतो. यीस्ट साखर खाते, पिष्ट खात नाही. आणि धान्यात असते ते मुख्यतः पिष्ट. धान्याला मोड आले की पिष्टाची साखर करणारी विकरे त्यात निर्माण होतात. आपल्या घरी नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून सत्त्व करतात. ते माल्टच होय.

३/
असा जवाचा माल्ट भरडून सुमारे ६५ ते ६८ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात तासभर ठेवला की पाणी गोड होते. ते गाळायचे, हॉप्ससह उकळायचे, थंड करायचे आणि मग यीस्ट घालायचे. तापमान फार चढले तर विकरे मरतात, फार उतरले तर काम रेंगाळते. नवशिक्याची सारी धास्ती त्या एका तासाची असते.

४/
आता नंदुरबार जिल्ह्यात येऊ. सुरत-धुळे महामार्गावरचे विसरवाडी हे नवापूर तालुक्यातले गाव. मावची, गावित, कोकणी अशा आदिवासी समाजांचा हा मुलूख. येथे चैत्राच्या सुमारास पहाटे मोहाची मांसल फुले झाडाखाली टपटपतात. त्या फुलांत साखर आयतीच असते. मोड नको, माल्ट नको, तापमापक नको. वाळलेली फुले पाण्यात भिजवावीत, काही दिवस आंबू द्यावीत, मग मडक्यात तापवून वाफ थंड करून गाळावी, इतकेच.

५/
हे मद्य केवळ नशेसाठी नव्हते. जन्म, लग्न, मृत्यू आणि पीक या प्रत्येक प्रसंगी पूर्वजांच्या नावाने चार थेंब भुईवर पडत. सातपुड्यातील आदिवासींची कुलदेवता याहामोगी. महाशिवरात्रीच्या सुमारास भरणाऱ्या देवमोगरा यात्रेत तिला आजही मोहाच्या मद्याचा नैवेद्य असतो. मडके हे घराचे होते, तसेच देवघराचेही.

६/
राज्यसत्ता आणि मडके यांचा संबंध मात्र फार जुना आहे. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात 'सुराध्यक्ष' नावाच्या अधिकाऱ्यावर स्वतंत्र अध्याय आहे. त्यात 'मेदक' या तांदळाच्या मद्याचे प्रमाण दिले आहे : एक द्रोण पाणी, अर्धा आढक तांदूळ आणि तीन प्रस्थ किण्व. एका द्रोणात सोळा प्रस्थ. म्हणजे सोळा भाग पाण्याला दोन भाग तांदूळ आणि तीन भाग किण्व.

७/
तांदळापेक्षा किण्व अधिक, हे चमत्कारिक वाटेल. पण किण्व म्हणजे आजच्यासारखी यीस्टची पुडी नव्हे. उडीद, तांदूळ आणि वनस्पती यांपासून केलेले ते विरजण होते, तेही धान्यच. सुरा आणि किण्व यांच्या तयारीचे काम स्त्रिया व मुले यांच्याकडे असावे, असेही हा ग्रंथ सांगतो.

८/
आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची तरतूद पुढची. मद्यावर कठोर नियंत्रण सांगणारे हेच अर्थशास्त्र कुटुंबवत्सल गृहस्थाला घरच्या कार्यप्रसंगी श्वेतसुरा आणि औषधासाठी अरिष्ट करण्याची मुभा देते. उत्सव, समाज व यात्रा यांसाठी चार दिवसांची सवलत सांगते. म्हणजे कर वसूल करण्यास टपलेल्या राज्यानेही घरातल्या मडक्यासाठी एक कोपरा मोकळा ठेवला होता.

९/
तो कोपरा बुजवला १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने. चार्ल्स प्रिचर्ड हा अधिकारी या नव्या व्यवस्थेचा शिल्पकार. पूर्वीच्या सैल मक्तेदारीच्या जागी मध्यवर्ती भट्ट्या, ठरावीक परवानाधारक आणि ताडाच्या झाडांवर कर आला. घरी मद्य गाळणे हा गुन्हा झाला. काल ज्या घरात दारू गाळली जात होती, त्या घरच्या माणसाला आज तीच दारू गुत्त्यावर पैसे मोजून घ्यावी लागे.

१०/
योगायोग पाहा. १८८० साली ग्लॅडस्टन सरकारने इंग्लंडमध्ये सतराव्या शतकाच्या अखेरीपासून चालत आलेला माल्टवरचा कर रद्द करून तो बिअरवर बसवला आणि त्यासोबत घरी बिअर करणाऱ्यालाही परवाना सक्तीचा केला. दोन वर्षांच्या अंतराने साम्राज्याच्या दोन टोकांना घरगुती मडके सरकारच्या वहीत नोंदले गेले. फरक एवढाच की इंग्लंडमध्ये लहान घरांना करातून सूट मिळाली. मुंबई इलाख्यातील गरिबाला ती मिळाली नाही.

११/
येथे तंत्र पुन्हा उपयोगी पडते. जवाच्या बिअरमध्ये अडणीची जागा म्हणजे माल्ट. तो माल्टघरात तयार होतो. तेथे पहारा ठेवता येतो, पोती मोजता येतात. मोहाला माल्टघर नाही. त्याचा कारखाना म्हणजे उभे जंगल! मग सरकारने पहारा बसवायचा कुठे? उत्तर : फुलावरच. मुंबई इलाख्यात १८९२ साली मोहाच्या फुलांसाठीच स्वतंत्र कायदा झाला. जे फूल दुष्काळात अन्न म्हणून खाल्ले जाई, ते जवळ बाळगण्यालाही आता सरकारी नजर लागली.

१२/
गुत्त्यांचे परवानाधारक बव्हंशी बाहेरचे, त्यांत पारशी व्यापारी ठळक. अनेक ठिकाणी दारू विकणारा, कर्ज देणारा आणि जमीन बळकावणारा एकच असे. उधारीची दारू, उधारीवर व्याज, व्याजापोटी शेत, ही साखळी दक्षिण गुजरात ते पश्चिम खानदेश सर्वत्र ओळखीची होती. मद्य तेच, पण मडक्यातून बाटलीत जाताना त्याने मालक बदलला होता.

१३/
१९२२ साली पालघरच्या किनाऱ्यावरील कोळी वस्त्यांतून एक लाट उठली आणि डोंगर चढून नाशिक, डांग, सुरत आणि खानदेशाच्या आदिवासी भागांत पोहोचली. 'सलाबाई' देवी माणसांच्या अंगात येऊन आज्ञा देई : दारू-ताडी सोडा, मांस सोडा, रोज स्नान करा, पारशी गुत्तेवाल्याकडे कामाला जाऊ नका. गावेच्या गावे एकत्र जमून शपथ घेत. इतिहासकार डेव्हिड हार्डीमन यांनी या 'देवी चळवळी'चा सविस्तर अभ्यास केला आहे.

१४/
ही केवळ उच्चवर्णीयांच्या आचारांची नक्कल होती का? हार्डीमन यांचे उत्तर नकारार्थी आहे. दारू सोडल्याने सावकाराची नाडी आवळली जात होती आणि सरकारचा महसूल घटत होता. १९३० च्या दशकाच्या अखेरीस तळोदा तालुक्यातील मोरवड येथे संत गुलाम महाराजांभोवती हजारो भिल्ल जमू लागले, तेव्हाही व्यसनमुक्ती हाच उपदेशाचा गाभा होता. ज्यांच्याकडून मडके हिरावले गेले, त्यांनी स्वतः होऊन प्यालाही खाली ठेवला.

१५/
पुढचा विरोधाभास टोचणारा आहे. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९४९ चा दारूबंदी कायदा केला आणि १९५० मध्ये संपूर्ण दारूबंदी आली. हेतू वसाहतवादी नव्हता. पण घरी गाळणारा पुन्हा गुन्हेगारच ठरला आणि मोहाच्या फुलावरचे नियंत्रणही टिकले. १९६० च्या दशकात महाराष्ट्राने बंदी सैल केली, ती परवान्यावर पिणाऱ्यासाठी. घरी बनवणाऱ्यासाठी नव्हे. इंग्लंडने मात्र १९६३ साली घरगुती बिअरवरची परवान्याची अट काढून टाकली. अमेरिकेत अध्यक्ष कार्टर यांनी १९७८ साली तशा कायद्यावर सही केली. आजच्या छंदाची भरभराट या दोन निर्णयांवर उभी आहे.

१६/
म्हणून 'घरच्या मडक्याला मोकळीक द्या' एवढेच म्हणून थांबता येईल का? नाही. १९७२ पासून शहादा परिसरात श्रमिक संघटनेच्या चळवळीत उतरलेल्या भूमिहीन आदिवासी स्त्रियांनी गावोगाव फिरून दारूची मडकी फोडली. नवऱ्याच्या मजुरीचा पैसा आणि पाठीवरचे वळ त्यांना ठाऊक होते. मडके परंपरेचे असेल. त्याची किंमत कोण मोजते, हा प्रश्न त्या स्त्रियांनी विचारला. आपल्या इतिहासलेखनाने तो टाळू नये.

१७/
मग निर्णय कोणाचा? १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभेला मादक पदार्थांवर बंदी घालण्याचा किंवा त्यांचे नियमन करण्याचा अधिकार दिला. नवापूर तालुका, अर्थात विसरवाडीही, याच क्षेत्रात येते. २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने मोहफुलांचे संकलन व वाहतूक यांवरील निर्बंध उठवले. शंभराहून अधिक वर्षांनी फूल तरी मोकळे झाले.

१८/
या साऱ्या कथेत मद्य चांगले की वाईट हा प्रश्न दुय्यम आहे. देवीपुढे शपथ घेणारा शेतकरी आणि मडके फोडणारी मजूर स्त्री यांनी दारू नाकारली, ती स्वतःच्या निर्णयाने. १८७८ ची बंदी आणि देवीची बंदी यांत भेद हाच : एक कचेरीतून उतरली, दुसरी गावाच्या मांडवात उच्चारली गेली. पातेल्यात जव भिजवण्याची स्वप्ने पाहणाऱ्या शहरी तरुणाने हे लक्षात ठेवावे. त्याला जो परवाना जाचक वाटतो, त्याच परवान्याने विसरवाडीच्या पणजोबाला गुन्हेगार ठरवले होते. फरक इतकाच की त्या पणजोबासाठी तो छंद नव्हता.

(समाप्त)
तुमच्या भागात गुत्ता, भट्टी, देवीची शपथ किंवा मोहाचा हंगाम यांच्या आठवणी सांगणारे कोणी वडीलधारे असतील, तर त्यांचे बोलणे टिपून ठेवा. अबकारी खात्याच्या दप्तरात गुन्ह्यांची नोंद सापडते. शपथेची सापडत नाही.
#इतिहास #खानदेश #नंदुरबार