घर विकणे आहे



गुहागर हे समुद्राच्या कडेने लांबवर पसरलेले गाव. एक सरळ रस्ता, त्याच्या दोन्ही अंगांना घरे, आणि पश्चिमेकडच्या घरांमागे नारळी-पोफळीच्या वाड्या. वाडी संपली की पुळण आणि समुद्र. या रस्त्याने जाताना एखाद्या बंद फाटकावर पाटी दिसते : 'घर विकणे आहे.' पाहुणा म्हणतो, "काय सुरेख जागा! अशी जागा कोणी विकतो तरी कसा?" याचे उत्तर शोधायचे, तर थोडे मागे जावे लागते.

पहिली गोष्ट ही, की हे घर देखाव्यासाठी बांधलेलेच नव्हते. त्याची ओटी रस्त्याकडे आणि पाठ समुद्राकडे. जांभ्याच्या चिऱ्याच्या भिंती, पुढे पडवी, आत माजघर, वर माळा. मागे विहीर, आणि तिच्यावर बैल किंवा रेडा फिरवी ते रहाटगाडगे. पाटाने पाणी पोफळींना जाई. घर म्हणजे राबणाऱ्या हातांचे ठिकाण होते. हात गेले, की घर थांबले.

हे हात मुंबईला गेले. १८५४ साली मुंबईत पहिली कापडगिरणी उभी राहिली, आणि पुढे कोकणच्या घराघरांतून माणूस निघाला : कोणी गिरणीत, कोणी कचेरीत. दाभोळ बंदरातून आगबोट त्याला नेई. पावसाळ्यात ती बंद. १८८० साली मनिऑर्डर सुरू झाली, आणि घर वाडीच्या उत्पन्नाबरोबर पोस्टमनच्या वाटेकडेही डोळे लावून बसू लागले. आता १९८२ च्या गिरणी संपानंतर तोही आधार पुष्कळांचा तुटला.

दुसरे कारण जरा अवघड आहे, पण सांगितले पाहिजे. किनाऱ्यावरच्या काही मोठ्या घरांचे कोठार कुळांच्या घामाने भरत असे. खोती नष्ट करावी म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक आणले. कायदा झाला तो १९४९ साली. पुढे १ एप्रिल १९५७ या 'कृषक दिना'पासून कसणारा कूळ जमिनीचा मालक ठरला. मोठ्या घराचे भात बंद झाले, हे खरे. पण कष्टकऱ्याच्या घरात ते प्रथमच हक्काने आले, हेही तितकेच खरे. एका घराच्या ओसरत्या वैभवावर हळहळताना दुसऱ्या घरची चूल विसरून कसे चालेल?

तिसरे कारण वाटण्यांचे. तीन पिढ्यांत एका घराचे वीस-पंचवीस हिस्सेदार होतात. सातबाऱ्यावर आजोबांचे नाव, आणि नातवंडे चार शहरांत. वडिलोपार्जित मिळकतीत मुलींनाही मुलांच्या बरोबरीचा हक्क महाराष्ट्राने १९९४ साली दिला, सगळ्या देशात तो २००५ साली आला. तेव्हा बहिणीची सही ही आता मेहेरबानी नव्हे, तिचा अधिकार आहे. सगळ्यांच्या सह्या जमेपर्यंत दोन पावसाळे जातात, कौले सरकतात, वासे कुजतात, आणि मग विकण्यावाचून गत्यंतर उरत नाही. घेणाऱ्यानेही जपावे : १९९१ पासून किनाऱ्यालगतच्या बांधकामाला सरकारी बंधने आहेत. समुद्र दिसतो म्हणून तिथे मजले चढवता येतील, असे नाही.

घर विकणे हे पाप नाही. ज्याला सांभाळता येत नाही, त्याने ते सांभाळणाऱ्याच्या हाती द्यावे. पण घराबरोबर त्याची आठवण फुकट जाऊ नये. माळ्यावरच्या पेटीत मोडी कागद असतात, हिशेबाच्या वह्या असतात, कुळांच्या याद्या असतात. घर रिकामे करताना हेच आधी बंबात जातात.

शिक्षक बंधुभगिनींना म्हणून एक विनंती. गावात अशी पाटी लागली, की मालकाच्या परवानगीने मुलांना त्या घरात घेऊन जा. खोल्या मोजू द्या, विहिरीचा नकाशा काढू द्या. शेजारच्या आजीला विचारा, रहाट कधी थांबला. आणि ज्यांनी त्या वाडीला पाणी दिले, त्यांच्या घरीही जा. त्यांचे म्हणणेही वहीत आले, तरच तो पुरा इतिहास.