इम्युनिटी नावाचं इनाम

म्युनिसिपालिटी आणि इम्युनिटी या सख्ख्या बहिणी. दोघींचं मूळ लॅटिन ‘मूनुस’: गावकीचं कर्तव्य, सेवा, वेठ. तो भार उचलणारं नगर ते ‘मुनिकिपिउम’, आणि ज्याला तो माफ तो ‘इम्यूनिस’. रोमन फौजेत कारागिरांना आणि वैद्यांना खंदक खणायचं काम नसे. त्या शिपायांनाही इम्यूनिसच म्हणत. तेव्हा जुलै २०२० मध्ये मुंबई महापालिका तीन वॉर्डांत करोना होऊन गेल्याच्या खुणांसाठी लोकांचं रक्त तपासत होती, म्हणजे एक बहीण दुसरीला धुंडत होती म्हणायचं.

आपण या शब्दाचं मराठी केलं ‘रोगप्रतिकारशक्ती’, आणि तिथे घोळ झाला. शक्ती म्हटली की ती वाढवायची सोय आली. मग काढे आले, हळदीचं दूध आलं. मूळ शब्दात ताकदीचा मागमूस नाही, आहे ती माफी. आपल्याकडे तिला जुना, नेमका शब्द होता: इनाम. इनाम जमिनीला सारा माफ किंवा नाममात्र. पण सगळी इनामं सारखी नसत. काही वंशपरंपरा चालत, काही हयातीपुरती. शिवाय सनद दाखवावी लागे. १८५२ च्या कायद्यानंतर इनाम कमिशनने मुंबई इलाख्यात जुन्या सनदा तपासल्या, तेव्हा पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट असूनही कागद नाही म्हणून अनेकांची इनामं खालसा झाली.

करोना होऊन गेलेल्यांना इम्युनिटी मिळते का आणि किती टिकते, या वादात नेमकं हेच चाललं होतं. गोवराचं इनाम बहुधा हयातीचं असतं. ‘गोवर येऊन गेला’ यातलं ‘गेला’ खरोखर गेला. त्याच चालीवर लोक ‘मला करोना होऊन गेला’ म्हणायला लागले आणि मास्क हनुवटीवर आला. ऑगस्ट २०२० मध्ये हाँगकाँगच्या एका ३३ वर्षांच्या माणसाला दुसऱ्यांदा लागण झाल्याचं विषाणूच्या जनुकक्रमावरून सिद्ध झालं आणि उलटी आवई उठली: इम्युनिटी वगैरे काही नसतंच! वास्तविक त्याला दुसऱ्या खेपेला लक्षणंही नव्हती. विमानतळावरच्या तपासणीत सापडला. अथेन्सच्या साथीबद्दल थुसिडिडीसने चोवीस शतकांपूर्वी लिहून ठेवलंय की बरा झालेला माणूस पुन्हा पडला तरी निदान मरत नसे. लागण आणि मरण यांतला हा फरक त्याला दिसला होता.

मुंबईतल्या त्या रक्ततपासणीला म्हणतात सिरो सर्वेक्षण. आता त्यातला ‘सिरो’. सीरम म्हणजे लॅटिनमध्ये दह्यावर सुटणारं पाणी. रक्त गोठलं की वर उरणारं पिवळसर पाणी तसंच दिसतं, म्हणून त्याला ते नाव. मराठीत जखमेतून झिरपते ती लस, आणि टोचतात तीही लस, कारण देवीची लस खरोखरच फोडातून काढलेली असे. त्या सीरमच्या पाण्यात शोधायची प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी. तीच लागणीची सनद. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत तयार झालेल्या चाचणीला नाव दिलं ‘कोविड कवच’. नाव देखणं आहे, पण चुकीचं. चाचणी सनद शोधते. कवच देत नाही, मोजतही नाही.

सनदा मोजण्यातल्या अडचणी मात्र खऱ्या होत्या. एप्रिल २०२० मध्ये कॅलिफोर्नियाच्या सँटा क्लारा काउंटीत ३,३३० जणांपैकी ५० पॉझिटिव्ह आले. शंभरात एखादी चाचणी जरी खोटं ‘हो’ म्हणाली, तरी त्यातले तेहेतीसेक निव्वळ चुकीचे. शिवाय लोक फेसबुकवरच्या जाहिरातीतून बोलावलेले. ज्यांना आधीच शंका होती, ते धावत आले असणार. मुंबईत जुलैच्या त्या पाहणीत झोपडपट्ट्यांत ५७ टक्के, इमारतींत १६ टक्के पॉझिटिव्ह निघाले. पुढच्याच महिन्याच्या फेरीत झोपडपट्ट्यांचा आकडा ४५ वर आला. महिन्याभरात बारा टक्क्यांचं संरक्षण उडालं, असं त्यावरून म्हणता येत नाही. प्रतिपिंडं ओसरतात, नमुने बदलतात. पेशींची स्मृती मात्र कागद हरवला तरी वहिवाट चालू ठेवते. सिरो सर्वेक्षण ती पाहतच नाही.

उलट बाजूने ब्राझीलचं मानाउस. रक्तदात्यांच्या नमुन्यांवरून आणि ओसरलेल्या प्रतिपिंडांचा हिशेब धरून संशोधकांनी ऑक्टोबर २०२० पर्यंत ७६ टक्क्यांना लागण झाल्याचा अंदाज काढला. जानेवारीत तिथल्या रुग्णालयांतला ऑक्सिजन संपला. रक्तदाते म्हणजे सगळं शहर नव्हे, आणि विषाणूचा नवा गॅमा अवतार जुन्या सनदा मानायला बांधील नव्हता. म्हणून माझं मत असं: सिरो सर्वेक्षण मागे काय झालं याचा दस्तऐवज म्हणून चांगलं. त्यावरून पुढचं भविष्य वर्तवणं हा नसता उद्योग.

आपल्याकडचंच पाहा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) जून-जुलै २०२१ च्या चौथ्या देशव्यापी पाहणीत सहा वर्षांवरच्या ६७.६ टक्के लोकांत प्रतिपिंडं सापडली. जानेवारी २०२२ मध्ये ओमायक्रॉनने देशात दिवसाला तीन लाखांवर नवे रुग्ण दाखवले. मृत्यू मात्र दुसऱ्या लाटेच्या मानाने फारच थोडे झाले.