खेळाडू गावाचा की मालकाचा?



आजच्या व्याख्यानाचा विषय बेसबॉल आहे हे ऐकून आपल्यापैकी कित्येकांना नवल वाटले असेल. हा खेळ अमेरिकेचा. आपल्याकडे तो पाहिलेले लोक थोडे आणि खेळलेले त्याहून थोडे. तथापि मी खेळाचे नियम सांगण्यास उभा नाही. माणसाने आपले कसब कोणत्या गावी, कोणाच्या पदरी राहून वापरावे, हे त्याने ठरवावयाचे की त्याला पगार देणाराने, हा प्रश्न आपल्या गिरण्यांना, कचेऱ्यांना आणि नाटक मंडळ्यांनाही परका नाही. अमेरिकेत त्याचा निकाल लागावयास जवळजवळ शंभर वर्षे लागली, आणि तो लागला खेळाच्या मैदानावरून. ती हकीकत आपणांपुढे ठेवावी, एवढाच माझा हेतू आहे.

आरंभ अलीकडच्या एका प्रसंगापासून करतो. ८ डिसेंबर २०२३ रोजी कॅनडातील टोरांटो शहरातले हजारो लोक एका खाजगी विमानाचा आकाशातील मार्ग घटकेघटकेला पाहत होते. कॅलिफोर्नियाहून निघालेले ते विमान त्यांच्या शहराकडे येत होते, आणि त्यात शोहेई ओतानी बसला आहे अशी वार्ता पसरली होती. ओतानी हा जपानी खेळाडू पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा. शिवाय फलंदाजीतही अव्वल. त्याचा जुना करार संपला होता आणि तो आपल्या संघात येणार, अशी टोरांटोकरांची खात्री होत चालली होती. विमान उतरले. त्यातून निघाला एक उद्योगपती, सहकुटुंब! दुसऱ्याच दिवशी ओतानीने लॉस एंजलिसच्या डॉजर्स संघाची निवड जाहीर केली. करार दहा वर्षांचा आणि रक्कम सत्तर कोटी डॉलर. टोरांटोकर हिरमुसले.

असल्या अटकळी बांधण्याचा नाद अमेरिकेत जुना आहे. बेसबॉलचा हंगाम वसंतात सुरू होतो आणि शरदात संपतो. मग हिवाळाभर करावयाचे काय? गावच्या दुकानात पेटलेल्या शेगडीभोवती बसून लोक पुढल्या हंगामाच्या गप्पा मारीत. त्यावरून हिवाळ्यातील या चर्चेला 'हॉट स्टोव्ह लीग' असे नावच पडले. आपल्याकडे जे काम पार आणि कट्टा करतो, ते तिकडे शेगडीने केले. अमुक पिचर आपल्याकडे येईल काय, हा या गप्पांतला सर्वांत गोड विषय. पिचरवर सामन्याचा भार असतो. एकच उत्तम पिचर मिळाला तर गावाच्या आशा पालवतात.

परंतु या गप्पांतील एक शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. "तो येईल काय?" असे आज लोक विचारतात. पन्नास-साठ वर्षांपूर्वी हा प्रश्न असा विचारताच येत नसे. "मालक त्याला विकत घेतील काय?" एवढेच विचारता येई. येणे न येणे खेळाडूच्या हाती नव्हतेच. 'विकत घेणे' पासून 'येणे' पर्यंतचा हा प्रवास कसा झाला, ते आता पाहू.

अमेरिकेतील 'नॅशनल लीग' १८७६ साली स्थापन झाली. चांगले खेळाडू जास्त पगार देणाऱ्या संघाकडे जात आणि मालकांचा खर्च वाढे. म्हणून १८७९ साली मालकांनी आपसांत एक ठराव केला. प्रत्येक संघाने आपले पाच खेळाडू राखून ठेवावेत आणि त्या पाचांना दुसऱ्या कोणी बोलावू नये. हीच 'राखीव' पद्धत. पुढे पाचांचे अधिक झाले आणि अखेर सगळेच खेळाडू राखीव झाले. करारात असे कलम आले की, खेळाडूने नव्या करारावर सही केली नाही, तर मालकाने जुना करार एक वर्षाने वाढवावा. मालक त्याचा अर्थ असा लावीत की, वाढविलेल्या करारात ते कलमही आलेच. तेव्हा तो पुन्हा वाढविता येतो, आणि पुन्हा, आणि पुन्हा! एकदा सही केलेला खेळाडू जन्माचा बांधला गेला. मालकाने त्याला विकावे, बदलून द्यावे किंवा काढून टाकावे. त्याने मात्र आपण होऊन कोठेही जाऊ नये.

आपल्या परिचयाची उपमा द्यावयाची तर अशी: एका शहरातील सर्व गिरणीमालकांनी मिळून ठरवावे की, ज्या विणकराने ज्या गिरणीत प्रथम माग धरला त्याला दुसऱ्या कोणीही कामावर घ्यावयाचे नाही, मात्र मालकाला वाटेल तेव्हा त्याने तो विणकर शेजारच्या गिरणीला विकावा.

याविरुद्ध पहिला आवाज उठविला जॉन माँटगोमेरी वॉर्ड याने. हा स्वतः नामांकित पिचर आणि शिवाय कायद्याचा पदवीधर. त्याने १८८५ साली खेळाडूंची संघटना उभारली आणि १८८७ साली एका मासिकात लेख लिहून विचारले की, बेसबॉलचा खेळाडू ही जंगम मालमत्ता आहे काय? १८९० साली खेळाडूंनी स्वतःची वेगळी लीगही काढली. ती एकच हंगाम टिकली. पैसा मालकांपाशी होता.

मग प्रकरणे न्यायालयात गेली. १९२२ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, बेसबॉलचे सामने म्हणजे त्या त्या गावी होणारे खेळ होत. तो राज्याराज्यांमधील व्यापार नव्हे. सबब त्यास मक्तेदारीविरोधी कायदा लागू नाही. हा निकाल होम्ससारख्या थोर न्यायमूर्तीने लिहिला होता. १९५३ साली तोच निर्णय कायम झाला. तोपर्यंत रेडिओ आणि दूरचित्रवाणीवरून सामने देशभर पोहोचत होते, तरीही तो व्यापार नव्हता!

१९६९ च्या ऑक्टोबरात सेंट लुईस संघाने कर्ट फ्लड या खेळाडूला फिलाडेल्फियाला देऊन टाकले. फ्लड कृष्णवर्णीय होता. त्या संघात त्याने बारा वर्षे काढली होती आणि त्याचा पगार वर्षाला ९० हजार डॉलर होता. त्याने बेसबॉलच्या आयुक्तांना पत्र लिहून कळविले की, मी खरेदीविक्रीची वस्तू नाही. इतर संघांचे प्रस्ताव विचारात घेण्याचा मला हक्क आहे. एवढा पगार घेणारा माणूस गुलामीची तक्रार करतो, याचे अनेकांना हसू आले. परंतु भाव चढा असला म्हणून विक्रीची विक्री होत नाही काय? फ्लड सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७२ साली पाच विरुद्ध तीन मतांनी हरला. त्याच्या बाजूने जॅकी रॉबिन्सनसारख्या निवृत्त थोरांनी साक्ष दिली. त्या वेळी खेळत असलेला एकही खेळाडू साक्षीस उभा राहिला नाही. फ्लडचे खेळाचे आयुष्य त्यातच संपले. ज्या झाडाची फळे पुढच्यांनी खाल्ली, त्याच्या मुळाशी हा एक माणूस गाडला गेला आहे.

न्यायालयात बंद झालेला दरवाजा वाटाघाटींनी उघडला. १९६६ साली खेळाडूंच्या संघटनेने मार्विन मिलर यांना आणले. ते पोलाद कामगारांच्या युनियनमधील अर्थतज्ज्ञ. त्यांनी १९६८ च्या करारात किमान वार्षिक पगार ६ हजारांवरून १० हजार डॉलर करून घेतला आणि १९७० च्या करारात एक साधेसे दिसणारे कलम घातले: तंटा झाल्यास निःपक्षपाती लवादापुढे जावे. पुढचा सगळा इतिहास या कलमाने घडविला.

आता या कथेचा नायक येतो. जिम हंटर हा उत्तर कॅरोलायनातील हर्टफर्ड या लहानशा गावचा शेतकऱ्याचा मुलगा. 'कॅटफिश', म्हणजे मासळीचे, हे टोपणनाव त्याला संघाचे मालक चार्ल्स फिन्ली यांनी दिले. ऑकलंडच्या संघाने १९७२, ७३ आणि ७४ अशी लागोपाठ तीन वर्षे अजिंक्यपद मिळविले, त्यात या पिचरचा वाटा मोठा. १९७४ साठी त्याचा करार एक लाख डॉलरचा होता. त्यांपैकी पन्नास हजार मालकाने विमा कंपनीकडे भरावयाचे होते. फिन्लींनी ते भरले नाहीत. प्रकरण पीटर साइट्झ या लवादापुढे गेले, आणि त्यांनी १९७४ च्या डिसेंबरात निकाल दिला: करार मालकाने मोडला, सबब खेळाडू मोकळा.

मग जे घडले ते अमेरिकेने पूर्वी पाहिले नव्हते. हंटरच्या वकिलाची कचेरी अहॉस्की नावाच्या छोट्या गावी होती. तेथे एकामागून एक संघांचे प्रतिनिधी येऊन थडकू लागले. आजवर खेळाडू मालकांच्या दाराशी टोपी हातात घेऊन उभा राहत असे. आता मालक शेतकऱ्याच्या मुलाच्या वकिलाच्या ओसरीवर! गावोगावच्या शेगड्यांभोवती त्या हिवाळ्यात प्रथमच तो प्रश्न ऐकू आला: "हंटर आपल्याकडे येईल काय?" ३१ डिसेंबरला त्याने न्यूयॉर्कच्या यांकीज संघाशी पाच वर्षांचा, सुमारे ३५ लाख डॉलरचा करार केला. यांकीजपेक्षा मोठी रक्कम देऊ करणारे संघ होते, असे सांगतात. पण दहा वर्षांपूर्वी त्याला प्रथम हेरणारा क्लाइड क्लट्झ हा आता यांकीजच्या नोकरीत होता, आणि हंटरचा त्याच्या शब्दावर विश्वास होता. निवड करावयास मिळाली की माणूस केवळ आकडा पाहत नाही, हेही यावरून दिसते.

एका पिचरचा खरा बाजारभाव काय, हे सर्व खेळाडूंना समजले. लगेच अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली या दोन पिचरांच्या वतीने मूळ कलमालाच हात घालण्यात आला. २३ डिसेंबर १९७५ रोजी त्याच साइट्झ यांनी निर्णय दिला की, करार एक वर्ष वाढविता येतो याचा अर्थ एकच वर्ष. मालकांनी त्यांना तत्काळ काढून टाकले. निर्णय मात्र न्यायालयांत टिकला. १९७६ च्या उन्हाळ्यात तडजोड झाली की, सहा वर्षे सेवा केलेला खेळाडू आपला संघ निवडू शकेल. त्या वेळी फिन्ली म्हणत होते, दरवर्षी सगळ्यांनाच मोकळे करा. मिलर यांना नेमकी त्याचीच धास्ती होती. कारण बाजारात माल फार आला की भाव पडतो! १९७६ साली खेळाडूंचा सरासरी पगार सुमारे ५१ हजार डॉलर होता. १९८० साली तो १ लाख ४० हजारांच्या पुढे गेला. ओतानी २०१८ पासून बरोबर सहा हंगाम खेळून मोकळा झाला, तो याच नियमाने.

यावर दोन आक्षेप घेतले जातात, ते विचारात घेतले पाहिजेत. पहिला असा की, श्रीमंत शहरे सर्व चांगले खेळाडू पळवतील. हंटरला घेणाऱ्या यांकीजनी १९७७ आणि ७८ ची अजिंक्यपदे मिळविली, हे खरे. परंतु राखीव कलम जोरात असताना, १९४७ ते १९६४ या अठरा हंगामांत, याच यांकीजनी आपल्या लीगचे पहिले स्थान पंधरा वेळा पटकावले होते! उलट १९७८ ते १९८७ या दहा वर्षांत दहा वेगवेगळे संघ अजिंक्य ठरले. याला इतर कारणेही असतील. पण स्वातंत्र्याने स्पर्धा मेली, असे म्हणता येत नाही. लहान शहरांचे आवडते खेळाडू निघून जातात, ही चुटपुट मात्र खरी आहे आणि ती कोणत्याही आकड्याने भरून येत नाही.

दुसरा आक्षेप निष्ठेचा. खेळाडू आता गावाशी इमान राखीत नाहीत, असे वृद्ध प्रेक्षक म्हणतात. पण मालकांनी गावाशी किती इमान राखले? १९५७ च्या हंगामानंतर डॉजर्सच्या मालकांनी ब्रुकलिन सोडून अख्खा संघ लॉस एंजलिसला नेला. हंटरचा संघ तर मूळचा फिलाडेल्फियाचा. तो १९५५ साली कॅन्सस सिटीला गेला, १९६८ साली ऑकलंडला, आणि २०२४ च्या हंगामानंतर त्याने ऑकलंडही सोडले. ज्याला जाण्याची मोकळीक नाही त्याच्या राहण्याला निष्ठा म्हणता येत नाही. तो नुसता मुक्काम असतो.

आपल्याकडेही आता गावाच्या नावाने क्रिकेटसंघ आहेत. आयपीएलचा पहिला लिलाव २० फेब्रुवारी २००८ रोजी मुंबईतच झाला. रांचीच्या महेंद्रसिंग धोनीला चेन्नईने १५ लाख डॉलरना घेतले. सचिन तेंडुलकर मात्र लिलावात नव्हते. ते आपल्याच शहराच्या संघासाठी राखून ठेवलेले होते. लिलावात खेळाडू आपखुशीने उतरतो आणि त्याचा भाव जाहीरपणे ठरतो, हे चांगलेच. पण गाव कोणते, हे तो ठरवीत नाही. ज्याची बोली शेवटची, त्याचे गाव. हंटरला पैशाबरोबर गाव निवडण्याचाही हक्क मिळाला होता. हा भेद बारीक दिसतो, पण सगळा इतिहास त्याच भेदासाठी घडला.

म्हणून टोरांटोच्या लोकांना मी हसणार नाही. त्यांची निराशा खरी होती. परंतु ज्याने यावे अशी त्यांनी आस धरली, त्याला न येण्याचाही अधिकार होता, म्हणूनच त्या आशेला अर्थ होता. विकत आणलेल्या माणसाची कोणी वाट पाहत नाही. त्याची पोच तेवढी घेतली जाते. आपल्या गावी कोणी स्वखुशीने यावा आणि येथेच राहावा असे वाटत असेल, तर त्याला जाण्याचा रस्ताही मोकळा ठेवावा लागतो. वॉर्ड, फ्लड आणि हंटर यांच्या हकीकतीतून मला दिसले ते एवढेच. ते आपणांपुढे ठेवून मी आपली रजा घेतो.