वाडिया, अर्देशीर कर्सेटजी
(६ ऑक्टोबर १८०८–१६ नोव्हेंबर १८७७). मुंबई गोदीतील पारशी अभियंता. सुरतेहून आलेल्या लवजी वाडियांच्या जहाजबांधणी घराण्यात जन्म. पण घराणे सागवानी गलबतांचे, तर अर्देशीरांचे मन रमले वाफेच्या यंत्रांत. १८३४ मध्ये माझगावच्या बंगल्यात त्यांनी गॅसचे दिवे पेटवले. ते पाहायला खुद्द गव्हर्नर आला. १८३९ मध्ये ते इंग्लंडला गेले. १८४१ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईतील स्टीम फॅक्टरीचे मुख्य अभियंता झाले. हाताखाली गोरे कारागीर, वर एतद्देशीय साहेब, हे चित्र त्या काळी अनेकांना रुचले नाही. त्याच वर्षी ते रॉयल सोसायटीचे पहिले भारतीय फेलो झाले. दुसरे भारतीय फेलो गणितज्ञ रामानुजन, थेट १९१८ मध्ये. १८५७ मध्ये निवृत्ती; निधन इंग्लंडातील रिचमंड येथे.