स्वनातीत विमाने आणि इंजिनाची निवड : एक ऐतिहासिक टिपण

विमानाचा आराखडा आधी व इंजिनाचा शोध मागाहून, हा क्रम भारताला महागात पडला. गॉटिंगेन येथे प्रांटल यांचे शिष्य असलेले डॉ. विष्णु माधव घाटगे यांचाही ‘मरुत’च्या उभारणीत वाटा होता. १७ जून १९६१ रोजी उडालेल्या या विमानाची आकृती स्वनातीत वेगासाठी होती. पण अपेक्षित आफ्टरबर्नरयुक्त ऑर्फियसचा विकास ब्रिटनमध्ये थांबला आणि साध्या ऑर्फियसवर भागवावे लागले. सरळ उड्डाणात तो वेग लाभला नाही. 

मानवरहित विमानांत हे गणित पालटते. सोव्हिएत तु-१२३ चा केवळ छायाचित्रणाची उपकरणे असलेला अग्रभाग हवाईछत्रीने परत येई, इंजिन मात्र प्रत्येक उड्डाणात गमावले जाई. साहजिकच तेथे अल्पायुषी इंजिन चालले. भारताच्या ‘घातक’साठी आफ्टरबर्नर वगळलेले कावेरी योजले गेले, त्यात स्वनातीत वेगाची अपेक्षाच नाही.