देवळे पाडू नका : ख्रिस्ती विधी आणि पेगन वारसा

ख्रिस्ती सणांवरील पेगन प्रभावाची चर्चा बहुधा दोन टोकांवरून होते. एका टोकाला सारे उसने ठरते, दुसऱ्या टोकाला सारे शुद्ध. आम्हांला दोन्ही भूमिका अपुऱ्या वाटतात. मुळात ‘पेगन’ हे नावच विजेत्यांनी दिलेले आहे. लॅटिन ‘पागानुस’ म्हणजे खेडूत.

नाताळचे उदाहरण घेऊ. सम्राट ऑरेलियनने इ.स. २७४ मध्ये रोममध्ये सूर्यदेवाचे मंदिर अर्पण केले; तेव्हा २५ डिसेंबर ही तारीख सूर्योपासकांकडूनच आली, असे सर्रास लिहिले जाते. परंतु या तारखेला ‘अजिंक्या’चा जन्मदिवस आणि येशूचा जन्म, अशा दोन्ही नोंदी इ.स. ३५४ च्या एकाच रोमन संकलनात आढळतात. शिवाय येशूची गर्भधारणा २५ मार्चला मानून नऊ महिने मोजले तरी हीच तारीख येते. केवळ साम्यावरून ऋण सिद्ध होत नाही.

‘ईस्टर’ची गोष्ट निराळी. हे नाव एओस्त्रे देवीच्या महिन्यावरून आले, असे बीड या इंग्लिश मठवासीयाने इ.स. ७२५ मध्ये लिहिले. मात्र सणाचा गाभा ज्यूंच्या वल्हांडणाशी जोडलेला आहे, आणि युरोपातील बहुतेक भाषांत त्याचे नावही तेथूनच आले आहे. त्या देवीविषयी आपल्याला कळते ते या ख्रिस्ती लेखकाच्या ओझरत्या उल्लेखातून. तिच्या उपासकांचा शब्द उरलेला नाही.

निःसंदिग्ध पुरावा हवा असेल तर पोप पहिला ग्रेगरी याची इ.स. ६०१ मधील दोन पत्रे वाचावीत. जूनमध्ये केंटच्या एथेलबर्ट राजाला त्याने देवस्थाने उद्ध्वस्त करण्यास लिहिले. जुलैमध्ये मेलिटसला लिहिताना विचार पालटलेला दिसतो : मूर्ती फोडा, पण देवळे ठेवा, तीर्थ शिंपडून तेथे वेदी उभारा. लोक सवयीच्या जागी आपसूक येतील. बळीच्या बैलांचे आता सणाचे जेवण होऊ द्या. उंची गाठायची तर पायरी-पायरीने, उडी मारून नव्हे. येथे प्रभाव नकळत झिरपलेला नाही. तो धोरण म्हणून स्वीकारलेला आहे.

मराठीच्या अभ्यासकांना हा प्रश्न परका नाही. सालसेतची देवळे १५६७ मध्ये पाडली गेली. त्याच प्रदेशात, राशोल येथे, १६१६ मध्ये फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले. देऊळ गेले, ओवी राहिली. ग्रेगरीची दोन्ही पत्रे जणू एकाच भूमीत अमलात आली. म्हणून त्या ग्रंथाचे भाषावैभव शिकवताना या दोन्ही तारखा विद्यार्थ्यांपुढे एकत्र ठेवाव्यात, असे आम्हांला वाटते. समन्वय हा शब्द आपण सहज वापरतो. तो कोणी घडवला आणि त्यात कोणाला निवड होती, हेही विचारले पाहिजे.